टॅक्स बाहेरच्या पोलादावर, मग वस्तीतला पाइप का महागला?

वस्तीतल्या लहान व्यावसायिकांचे कागद पूर्ण करून देणे हा आमच्या कामाचा एक भाग आहे. उद्यम नोंदणी, जातीचा दाखला, बँकेचा प्रस्ताव, जीएसटीचा अर्ज. 2025 च्या मे महिन्यात असेच कागद घेऊन एक तरुण आला. आयटीआय झालेला वेल्डर, स्वतःचे छोटे फॅब्रिकेशनचे दुकान, घराण्यात धंदा करणारा पहिलाच. मार्चमध्ये त्याने एका इमारतीच्या जिन्याचे रेलिंग आणि खिडक्यांच्या ग्रिलचे कोटेशन दिले होते. काम हातात आले तेव्हा मे उजाडला होता, आणि लोखंडाचा दुकानदार पाइप-पत्र्याला किलोमागे चार-पाच रुपये जास्त मागत होता. कोटेशन बदलता येत नव्हते. त्याची मजुरी त्या फरकात गेली.

त्याने आम्हाला विचारले, "सरकारने बाहेरच्या मालावर टॅक्स लावला असं बातम्यांत ऐकलं. पण मी घेतो तो पाइप तर इथल्याच कारखान्याचा आहे. मग तो का महागला?"

आम्हाला त्याला लगेच उत्तर देता आले नाही. समाजशास्त्र शिकलेल्या, चळवळीत वावरणाऱ्या आपल्यासारख्यांना आरक्षण, शिष्यवृत्ती, अत्याचाराचे कायदे यांची कलमे पाठ असतात. पण आयात शुल्क म्हटले की ते मोठ्या लोकांचे प्रकरण वाटते. त्या तरुणाचे महिन्याभराचे कष्ट मात्र याच प्रकरणात गेले होते. म्हणून आम्ही वाचले, माहीतगारांना विचारले. जे समजले ते इथे मांडत आहोत.

दुसरा क्रमांक, तरीही आयात

कच्चे पोलाद तयार करण्यात भारत जगात दुसरा आहे. 2018 मध्ये आपण जपानला मागे टाकले. 2024 या वर्षात भारताने सुमारे 14.9 कोटी टन कच्चे पोलाद तयार केले. पहिल्या क्रमांकावरचा चीन मात्र खूपच पुढे आहे. त्याचे उत्पादन 100 कोटी टनांच्या वर, म्हणजे जगातल्या एकूण उत्पादनाच्या निम्म्याहून जास्त.

रस्ते, मेट्रो, पूल, रेल्वे, घरबांधणी, गाड्यांचे कारखाने यांमुळे देशातली मागणी वेगाने वाढते आहे. 2023-24 मध्ये देशात 13.6 कोटी टन तयार पोलाद वापरले गेले. 2024-25 मध्ये हा वापर 15.2 कोटी टनांच्या आसपास गेला. अर्थव्यवस्था वाढते आहे याची ही एक मोठी खूण मानली जाते.

आता व्यापाराचे आकडे पाहा. 2021-22 मध्ये आपण सुमारे 1.35 कोटी टन तयार पोलाद निर्यात केले आणि 47 लाख टन आयात केले. दोनच वर्षांत चित्र उलटले. 2023-24 मध्ये आयात 83 लाख टन आणि निर्यात 75 लाख टन झाली. 2024-25 मध्ये आयात 95 लाख टनांवर गेली, निर्यात 49 लाख टनांच्या आसपास घसरली. दुसऱ्या क्रमांकाचा उत्पादक देश विकतो त्याच्या दुप्पट पोलाद विकत घेऊ लागला.

याच वाढीची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. 2023-24 मध्ये देशात माणशी पोलादाचा वापर 98 किलोच्या जवळ होता, तर जगाची सरासरी 200 किलोच्या वर आहे. ग्रामीण भागातला वापर माणशी 20 किलोच्या आसपास असल्याचे सरकारनेच 2020 च्या सुमारास सांगितले होते. म्हणजे वाढ खरी आहे, पण ती सगळ्यांच्या दारात सारखी पोहोचलेली नाही. पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्याच्या वाट्याला या 15 कोटी टनांतला फार थोडा भाग येतो.

बाहेरून माल का येतो?

याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण म्हणजे पोलाद ही एकच वस्तू नाही. स्लॅब ओतायची सळई, गाडीच्या दाराचा पत्रा आणि ट्रान्सफॉर्मरच्या आतला पत्रा हे तिन्ही पोलादच, पण त्यांच्या बनावटीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सळई आपण भरपूर बनवतो. जालन्याच्या भट्ट्या आणि रोलिंग मिल त्यासाठीच ओळखल्या जातात. ट्रान्सफॉर्मरला लागणारे खास विद्युत पोलाद मात्र आपण बहुतांशी बाहेरून आणतो. देशात ते तयार करणारा कारखाना आपल्या नाशिकमध्ये आहे. तो एका जर्मन कंपनीचा होता. 2024 मध्ये एका भारतीय आणि एका जपानी कंपनीने मिळून तो विकत घेण्याचा करार केला. अशा उच्च दर्जाच्या पोलादासाठी केंद्र सरकारने 2021 मध्ये 6,322 कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना आणली, ती याच उणिवेमुळे.

दुसरे कारण चीन. तिथले घरबांधणी क्षेत्र 2021 पासून संकटात आहे. घरे थांबली, पण भट्ट्या थांबल्या नाहीत. पोलादाची मोठी भट्टी गॅसच्या शेगडीसारखी हवी तेव्हा बंद आणि हवी तेव्हा चालू करता येत नाही. मग उरलेला माल मिळेल त्या भावाला बाहेर जातो. 2024 मध्ये चीनने 11 कोटी टनांच्या वर पोलाद निर्यात केले. भारताच्या वर्षभराच्या एकूण वापराच्या जवळजवळ पाऊणपट पोलाद एकाच देशातून जगाच्या बाजारात आले, तर भाव पडणारच.

तिसरे कारण व्यापार करार. बहुतेक पोलादावर आपले मूळ आयात शुल्क 7.5 टक्के आहे. पण दक्षिण कोरियाशी 2010 पासून आणि जपानशी 2011 पासून मुक्त व्यापाराचे करार लागू आहेत. त्यामुळे तिथून येणाऱ्या बहुतेक पोलादावर हे शुल्क लागत नाही. म्हणून आयात म्हणजे फक्त चीन असे समजणे चूक आहे. कोरिया आणि जपान हेही आपले मोठे पुरवठादार आहेत.

निर्यात का घसरली?

जी स्वस्ताई आपल्याकडे आयात वाढवते, तीच परदेशातल्या बाजारात आपल्या मालाला अडवते. व्हिएतनाम असो की आखाती देश, तिथेही चीनचा माल उभा असतो.

त्यात श्रीमंत देशांनी दारे अरुंद केली. अमेरिकेने 2018 मध्ये पोलादावर 25 टक्के शुल्क लावले आणि जून 2025 मध्ये ते 50 टक्के केले. युरोप हा आपला मोठा ग्राहक. त्याने कार्बनच्या हिशोबाची नवी पद्धत आणली. ऑक्टोबर 2023 पासून माहिती देणे सक्तीचे झाले आणि 2026 पासून प्रत्यक्ष आकारणीचा टप्पा ठरवला गेला. एक टन पोलाद बनवताना किती कार्बन वायू बाहेर पडला, त्यानुसार पैसे मोजायचे. भारतात एका टनामागे सुमारे अडीच टन कार्बन वायू बाहेर पडतो. जगाची सरासरी यापेक्षा कमी आहे, म्हणजे आपला माल तिथे महाग पडणार.

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. 'देशी' पोलादातही परदेश असतोच. झोतभट्टीत एक टन पोलादासाठी दीड टनाहून जास्त लोहखनिज आणि पाऊण टनाच्या आसपास कोकिंग कोळसा लागतो. लोहखनिज आपल्याकडे भरपूर आहे, पण कोकिंग कोळसा आपण बहुतेक सगळा आयात करतो आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा ऑस्ट्रेलियाचा असतो. रुपया घसरला की आयात केलेले पोलाद महागते हे खरे, पण इथल्या भट्टीतला कोळसाही महागतो.

निर्यात वाढली म्हणजे देशाचे भले झाले, हेही सरसकट खरे नाही. काय निर्यात होते यावर ते ठरते. गोव्याने अनेक वर्षे आपले कमी प्रतीचे लोहखनिज आधी जपानला आणि पुढे चीनला पाठवले. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथले खाणकाम थांबवले, तेव्हा ट्रकवाले, बार्जवरचे कामगार, गॅरेजवाले असे सगळेच एकदम रिकामे झाले. माती विकून आलेला पैसा काही घरांत साठला आणि बेकारी मात्र गावभर वाटली गेली. आज गडचिरोलीत सुरजागडच्या खाणीतून खनिज निघते आहे, कोनसरीत कारखाना उभा राहतो आहे. तिथेही हाच प्रश्न विचारायला हवा. डोंगर आदिवासींचा असेल, तर खनिजाचे पोलाद होताना वाढणाऱ्या किमतीतला किती हिस्सा त्यांच्या मुलांच्या हाती कुशल कामाच्या पगाराच्या रूपाने येणार?

सहा टक्के माल सगळ्या मालाचा भाव कसा ठरवतो?

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे येऊ.

मोठ्या पोलाद कंपन्यांच्या संघटनेने सरकारकडे अर्ज केला की, आयातीने आमचे नुकसान होत आहे. वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या व्यापार उपाय महासंचालनालयाने चौकशी केली. त्यानंतर 21 एप्रिल 2025 पासून 200 दिवसांसाठी सपाट पोलादावर, म्हणजे कॉइल, पत्रा, प्लेट यांवर 12 टक्के तात्पुरते संरक्षक शुल्क लागू झाले. स्टेनलेस आणि विद्युत पोलादासारखे काही प्रकार त्यातून वगळले. पुढे ऑगस्ट 2025 मध्ये महासंचालनालयाने हे शुल्क तीन वर्षांसाठी 12, 11.5 आणि 11 टक्के अशा उतरत्या क्रमाने ठेवावे, अशी शिफारस केली.

2024-25 च्या आयातीची वापराशी तुलना केली तर ती जेमतेम सहा टक्के भरते. मग सहा टक्क्यांवरच्या शुल्काने उरलेल्या चौऱ्याण्णव टक्क्यांचा भाव कसा हलतो?

एक सोपा हिशोब करू. आकडे समजण्यापुरते आहेत. समजा, परदेशी कॉइल बंदरावर किलोला 48 रुपयांना पडते. तर इथली कंपनी आपली कॉइल 52 रुपयांना विकू शकणार नाही, कारण गिऱ्हाईक आयातीकडे वळेल. तिला 48 च्या जवळपासच राहावे लागते. आता त्या 48 वर 12 टक्के, म्हणजे पावणेसहा रुपये शुल्क बसले. परदेशी माल 54 च्या जवळ गेला. इथल्या कंपनीचा उत्पादन खर्च एक पैशानेही वाढलेला नाही, पण आता ती 52 रुपये मागू शकते, आणि तरीही आयातीपेक्षा स्वस्तच राहते. ही कॉइल पाइपच्या कारखान्यात जाते. पाइपवाला वाढीव भाव पुढे ढकलतो, त्याच्याकडून घेणारा व्यापारी पुढे ढकलतो, आणि शेवटी तो भाव आपल्या वेल्डरच्या दुकानात येऊन थांबतो. तिथून पुढे ढकलायला जागा नसते, कारण कोटेशन आधीच दिलेले असते.

म्हणजे आयातीची किंमत ही बाजाराची वरची कड असते. शुल्क ती कड उचलते, आणि देशी मालाचा भाव तिच्यासोबत वर सरकायला मोकळा होतो. भाव फक्त शुल्कानेच ठरतो असे नाही. कोळसा, मागणी, कारखान्यांतली आपसातली स्पर्धा यांचाही त्यात हात असतो. पण जिथे मोजक्या मोठ्या कंपन्या बाजाराचा मोठा भाग सांभाळतात, तिथे ही मोकळीक लवकर वापरली जाते. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे, आयातीवरचे शुल्क सरकारी तिजोरीत जाते, पण देशी मालाचा वाढलेला भाव कंपनीच्या खात्यात जातो.

बाबासाहेबांनी 1923 मध्ये मांडलेला मुद्दा

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ 1923 मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. पुढे हिल्टन यंग आयोगापुढेही त्यांनी साक्ष दिली. त्या काळी अनेक व्यापारी आणि गिरणीमालक म्हणत होते की, रुपयाचा दर खाली ठेवा, म्हणजे निर्यात वाढेल आणि देशाचा फायदा होईल. बाबासाहेबांनी या 'देशाच्या फायद्या'ची चिरफाड केली. त्यांच्या मांडणीचे सार असे की, रुपया घसरला की वस्तूंचे भाव आधी वाढतात आणि मजुरी मागे राहते. म्हणून निर्यातदाराला मिळणारा नफा परदेशातून येत नाही. तो याच देशातल्या दुसऱ्या वर्गाकडून, मजुरी आणि पगारावर जगणाऱ्यांकडून काढून घेतलेला असतो.

शंभर वर्षांनंतर पोलादाच्या शुल्काकडे पाहताना हीच कसोटी लावली पाहिजे. धोरण 'राष्ट्रहिताचे' आहे असे सांगितले की आपण गप्प बसतो. पण राष्ट्र म्हणजे पोलाद कंपनीही आणि वेल्डरही. एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात पैसा जात असेल, तर कोणाकडून कोणाकडे आणि कशाच्या बदल्यात, हे विचारणे म्हणजे देशविरोध नव्हे.

मग संरक्षण नकोच का?

आमचे म्हणणे तसे नाही. स्वस्त आयात हा काही कायमचा आशीर्वाद नसतो. बाहेरच्या मालाने इथल्या भट्ट्या बंद पडल्या, तर उद्या तोच पुरवठादार भाव वाढवील आणि आपल्याकडे पर्याय उरणार नाही. शिवाय भट्टी बंद होते तेव्हा सगळ्यांत आधी कंत्राटी कामगार घरी जातो. 2015-16 मध्येही चीनच्या स्वस्त मालाची लाट आली होती. तेव्हा सरकारने आधी संरक्षक शुल्क आणि नंतर किमान आयात किंमत लावली. 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेने दिवाळखोरीच्या प्रक्रियेसाठी जी पहिली 12 मोठी कर्जखाती निवडली, त्यांत अनेक पोलाद कंपन्यांची होती. त्याला कर्जाचा डोंगर आणि चुकीचे निर्णयही कारणीभूत होते, एकटी आयात नव्हे. पण बुडीत कर्जाचा भार मुख्यतः सरकारी बँकांवर, म्हणजे जनतेवरच पडला.

टाटांच्या पोलाद उद्योगाला 1924 मध्ये कायदा करून संरक्षण दिले गेले होते. तेव्हापासून आजपर्यंत उद्योग जगवण्यासाठी शुल्क हे साधन वापरले गेले आहे. आमचा आक्षेप साधनाला नाही, ते बिनशर्त देण्याला आहे.

सरकारने मनावर घेतले तर पारडे दुसऱ्या बाजूलाही झुकवता येते. 2022 च्या मे महिन्यात पोलादाचे भाव भडकले होते, तेव्हा केंद्राने बऱ्याच पोलाद उत्पादनांवर 15 टक्के निर्यात शुल्क लावले. हेतू हा की माल देशात राहावा आणि भाव उतरावेत. कंपन्यांनी विरोध केला, निर्यात घसरली आणि सहा महिन्यांतच, नोव्हेंबर 2022 मध्ये ते शुल्क मागे घेतले गेले. कंपन्यांच्या बाजूने बोलायला संघटना होती. ग्रिल बनवणाऱ्यांच्या बाजूने कोण होते?

म्हणून अटी हव्यात. संरक्षण घेणाऱ्या कंपनीने त्या काळात भाव किती वाढवले, किती कायम नोकऱ्या दिल्या, कंत्राटी कामगारांच्या सुरक्षेवर काय खर्च केला, याचा हिशोब लोकांपुढे यावा. आपल्यासाठी कायम नोकरीचा मुद्दा जास्तच मोलाचा आहे. भिलाई, राउरकेला, बोकारो किंवा आपल्या चंद्रपूरच्या सरकारी कारखान्यात कायम जागेला आरक्षण लागू असते. तेच काम ठेकेदाराकडे गेले की आरक्षण संपते, आणि बहुधा निम्मा पगारही.

आपण काय करू शकतो?

पहिली गोष्ट अगदी साधी. मोठ्या सरकारी कंत्राटांत पोलाद-सिमेंटच्या भावफरकाचे कलम असते. लहान फॅब्रिकेटरच्या कोटेशनवर ते नसते. म्हणून कोटेशनवर "हा दर 15 दिवसांपुरता" असे लिहा आणि माल खरेदीइतकी आगाऊ रक्कम घ्या. आमच्या पाहण्यातल्या अनेक तरुणांचा पहिला धंदा हुन्नर कमी पडल्यामुळे बुडाला नाही, या दोन ओळी न लिहिल्यामुळे बुडाला.

दुसरी गोष्ट म्हणजे सरकारी खरेदीतला हक्क. 2012 च्या सार्वजनिक खरेदी धोरणानुसार केंद्रीय मंत्रालये आणि सार्वजनिक कंपन्यांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी 25 टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करायची आहे. त्यातली 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून. 1990 च्या दुरुस्तीनंतर बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींनाही हा हक्क मिळतो. प्रत्यक्षातली खरेदी या लक्ष्याच्या बरीच खाली राहिली आहे. उद्यम नोंदणी करताना सामाजिक प्रवर्ग नीट भरा. राष्ट्रीय लघुउद्योग निगमाची कच्च्या मालासाठी साहाय्य योजना आहे आणि 2016 पासून अनुसूचित जाती-जमाती हबही आहे. त्यांच्या कार्यालयात एकट्याने जाऊ नका, गटाने जा.

तिसरी गोष्ट म्हणजे सुनावणी. शुल्क लावण्यापूर्वी महासंचालनालय बाधित पक्षांचे म्हणणे मागवते, आणि पोलाद वापरणारेही बाधित पक्ष असतात. मोठ्या कंपन्यांचे वकील तिथे पोहोचतात. वेल्डर, शटरवाले, छोटे कारखानदार यांची जिल्हापातळीवरची संघटना असेल तर त्यांचेही निवेदन जाऊ शकते. अर्थशास्त्र, वाणिज्य आणि कायदा शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हे काम अंगावर घ्यावे. मोर्चाइतकेच तेही चळवळीचे काम आहे.

त्या तरुणाला आम्ही हे सगळे दुकानाबाहेर बसून समजावले. कॉइलचा हिशोब त्याला लगेच पटला. आमच्यापेक्षा चांगला समजला, असेच म्हणावे लागेल. मग त्याने कोटेशनचे नवीन पुस्तक छापायला दिले. खाली एक ओळ वाढवली : "लोखंडाच्या भावात फरक पडल्यास दर बदलतील." आणि आम्हाला विचारले, "असे आपले दुकानवाले तालुक्यात किती असतील? एकदा सगळ्यांना बसवायचं का?"

आम्ही यादी करायला घेतली आहे. तुमच्या तालुक्यातली यादी तुम्ही करा.